परदेशात फोन चालू, खर्च आटोक्यात: सांगलीतून निघण्याआधीची तयारी

परदेशात फोनचा खर्च हाताबाहेर जातो तेव्हा त्यामागे बहुधा एकच चूक असते. आपला भारतीय नंबर चालू राहणे आणि हाताशी इंटरनेट असणे या दोन वेगळ्या गरजा आहेत, हे लक्षात न घेता आपण दोन्हींचा भार एकाच सिमवर टाकतो. भारतीय नंबर लागतो तो बँकेचा ओटीपी येण्यासाठी आणि अडीअडचणीला घरच्यांचा फोन लागावा म्हणून. इंटरनेट लागते ते नकाशा, तिकिटे, टॅक्सी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या रोजच्या बोलण्यासाठी. पहिली गरज अगदी थोड्या पैशांत भागते. दुसरी भारतीय सिमवर, विनापॅक भागवायला गेले तर फार महाग पडते. या दोन गरजा वेगळ्या केल्या की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

माझे आई-वडील सांगलीच्या विश्रामबागेतून पहिल्यांदा जर्मनीला, बहिणीकडे गेले, तेव्हा हे आम्हां कोणालाच ठाऊक नव्हते. वडिलांचा नंबर पोस्टपेड होता आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घेतले म्हणजे तयारी झाली, असे आम्ही समजलो. त्यांनी फोनवर बोलणे मोजकेच केले, पण दिवसभर काढलेले फोटो फोन आपण होऊन इंटरनेटवर साठवत राहिला, अ‍ॅप स्वतःला अद्ययावत करत राहिले आणि कुटुंबाच्या ग्रुपवरचे व्हिडिओ न बघताच उतरत राहिले. बिल हाती आले तेव्हा वडील दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. त्यानंतर नात्यातले कोणीही परदेशी निघाले की निघण्याच्या आठवडाभर आधी मी त्यांचा फोन मागून घेतो आणि पुढे सांगितलेल्या गोष्टी त्यांच्यासमोर बसून करतो.

रोमिंगमध्ये काय घडते, हे आधी समजून घ्यावे. आपला फोन परदेशातल्या एखाद्या कंपनीच्या टॉवरला जोडला जातो, ती कंपनी आपल्या भारतीय कंपनीकडे नंबराची खातरजमा करते आणि मग सेवा देते. त्या सेवेचे पैसे ती भारतीय कंपनीकडून घेते आणि भारतीय कंपनी आपल्याकडून. आलेल्या एसएमएसला बहुतेक भारतीय कंपन्या पैसे लावत नाहीत. आलेला कॉल उचलला तर मात्र मिनिटामागे आकार लागतो, आणि इथे आपल्या माणसांची फसगत होते, कारण येणारा कॉल फुकट असतो ही सवय आपल्या अंगवळणी पडलेली आहे. तिसरी गोष्ट डेटाची. रोमिंगमधला डेटा सहसा तिथूनच इंटरनेटला न जाता आधी भारतातल्या कंपनीच्या यंत्रणेत येतो आणि तिथून पुढे जातो, त्यामुळे तो काहीसा संथ असतो.

यावरून एक सोपी रचना निघते, आणि माझ्या मते बहुतेक प्रवाशांना तीच सोयीची आहे: भारतीय सिम फोनमध्येच ठेवावे, त्याचे नेटवर्क चालू ठेवावे, पण त्या सिमचे डेटा रोमिंग बंद ठेवावे. डेटा रोमिंग बंद असले तरी एसएमएस येतात, हे अनेकांना माहीत नसते. भीतीपोटी ते संपूर्ण सिमच बंद करतात आणि मग परदेशातल्या दुकानात कार्ड चालेनासे झाले की हवालदिल होतात. मात्र एसएमएस येण्यासाठी त्या नंबरावर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा सुरू असावी लागते आणि नंबराची वैधता शिल्लक असावी लागते. ही सेवा भारतात असतानाच कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा ग्राहक सेवा केंद्रात जाऊन सुरू करून घ्यावी. परदेशात उतरल्यावर ती सुरू करायची तर त्यासाठीच इंटरनेट किंवा ओटीपी लागतो, आणि नेमके तेच आपल्याकडे नसते.

आता इंटरनेट कुठून घ्यायचे हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर प्रवास किती दिवसांचा आणि किती देशांचा आहे यावर ठरते.

चार-पाच दिवसांसाठी दुबई, सिंगापूर किंवा थायलंडला जाणाऱ्याने, विशेषतः फोनच्या सेटिंगमध्ये शिरण्याची सवय नसलेल्या ज्येष्ठांनी, आपल्याच कंपनीचा आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक घ्यावा. तो दर जीबीमागे महाग असतो, पण त्यात भारतीय सिमचे डेटा रोमिंग चालू करण्यापलीकडे काहीही बदलावे लागत नाही, आणि अनोळखी विमानतळावर सिम बदलण्याची धावपळ टळते. पॅक घेताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: त्याचे दिवस रिचार्ज केल्यापासून मोजतात की परदेशातल्या नेटवर्कला जोडल्यापासून, वाटेत विमान बदलायचे तो देश त्यात येतो का, आणि त्या देशातल्या कोणत्या कंपनीच्या नेटवर्कवर तो लागू आहे. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. फोन आपोआप दुसऱ्याच कंपनीचे नेटवर्क धरू शकतो आणि ती कंपनी पॅकमध्ये नसेल तर एकतर सेवा मिळत नाही किंवा वेगळा दर लागतो. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क आपोआप निवडण्याचा पर्याय बंद करावा आणि योग्य कंपनी हाताने निवडावी.

प्रवास आठवड्याहून मोठा असेल किंवा अनेक देशांचा असेल, आणि फोन नवा असेल, तर ई-सिम हा मला सर्वांत किफायतशीर आणि सुटसुटीत मार्ग वाटतो. ई-सिम म्हणजे प्लास्टिकचे कार्ड न घालता फोनमधल्या चिपवर उतरवून घेतलेले सिम. आपल्या फोनमध्ये ही सोय आहे का, हे पाहण्यासाठी डायल करण्याच्या जागी *#०६# दाबावे. येणाऱ्या यादीत आयएमईआय, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकासोबत ईआयडी नावाचा लांबलचक क्रमांक दिसला तर ई-सिम चालते. प्रवाशांसाठी अशी डेटा ई-सिम विकणाऱ्या अनेक कंपन्या आहेत. पैसे भरले की एक क्यूआर कोड ई-मेलवर येतो. तो घरच्या वाय-फायवर, निघण्याच्या एक-दोन दिवस आधी फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि परदेशात उतरल्यावर चालू करावा. हा कोड बहुधा एकदाच वापरता येतो, त्यामुळे "बघू तरी" म्हणून उतरवलेली ई-सिम काढून टाकू नये. क्यूआर कोड ज्या फोनमध्ये उतरवायचा त्याच फोनवर दिसत असेल तर तो स्कॅन कसा करणार, ही अडचण घराघरांत येते. तो दुसऱ्या फोनवर पाठवावा किंवा मोबाइल शॉपीत जाऊन त्याची छापील प्रत काढावी.

अमेरिकेतून कोणी भेट म्हणून आणलेला फोन वापरणाऱ्यांनी अधिक काळजी घ्यावी. तिथे हप्त्यांवर घेतलेले फोन अनेकदा त्या कंपनीच्या सिमपुरते कुलूपबंद असतात. आयफोनच्या सेटिंगमध्ये 'जनरल' आणि त्याखाली 'अबाउट' इथे सिमवर बंधन नाही असे लिहिलेले दिसले तरच तो कुठल्याही देशात चालेल. शिवाय २०२२ साली आलेल्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये प्लास्टिक सिमचा कप्पाच नसतो. असा फोन असेल तर भारतीय नंबरही ई-सिमवर घ्यावा लागतो, आणि तो बदल सांगलीत असतानाच पूर्ण करावा.

साधा बटणांचा फोन घेऊन निघालेल्यांना तर आधीच सावध करायला हवे. सिंगापूरने टूजी नेटवर्क २०१७ मध्ये बंद केले. अमेरिकेत थ्रीजी २०२२ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस बंद झाले. जुना टूजी फोन तिथे कितीही पैसे भरले तरी वाजणार नाही. फोन फोरजी असावा आणि त्यावर फोरजीवरून कॉल करण्याची सोय चालू असावी.

युरोपच्या सहलीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या भागातून द्राक्ष बागायतदार अभ्यासदौऱ्यासाठी नेदरलँड्सला जातात आणि सहल कंपन्यांबरोबर जाणारी कुटुंबेही पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली असा ठरलेला मार्ग धरतात. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून संघातल्या देशांमधला वेगळा रोमिंग आकार बंद केला. त्यामुळे रॉटरडॅममध्ये घेतलेले स्थानिक सिम जर्मनीत, फ्रान्समध्ये किंवा इटलीत, योग्य वापराच्या मर्यादेत, त्याच दराने चालते. परंतु स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही आणि ब्रिटनही आता संघात नाही, म्हणून हा नियम त्या दोन देशांना बांधून ठेवत नाही. सहलीतले सर्वांत जास्त फोटो आणि व्हिडिओ कॉल होतात ते आल्प्सच्या बर्फात, आणि नेमका तिथेच डेटा संपतो किंवा वेगळे पैसे पडतात. युरोपचे सिम किंवा ई-सिम घेताना देशांच्या यादीत स्वित्झर्लंड हे नाव आपल्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

फोनमधली सेटिंग लावताना घाई करू नये, कारण वडिलांच्या बिलाचे मूळ इथेच होते. दोन सिम असलेल्या फोनमध्ये प्रत्येक सिमला नाव देता येते. एकाला 'घर' आणि दुसऱ्याला 'प्रवास' असे नाव द्यावे, म्हणजे गोंधळलेल्या क्षणीही चुकीचे बटण दाबले जात नाही. मोबाइल डेटासाठी 'प्रवास' निवडावे आणि डेटा रोमिंग फक्त त्याच सिमचे चालू करावे. प्रवासी ई-सिम स्वतः रोमिंगवरच चालत असल्याने हे बटण बंद राहिले तर इंटरनेट येत नाही. आयफोनमध्ये एका सिमचा डेटा मिळाला नाही तर दुसऱ्या सिमवर आपोआप जाण्याची सोय असते. ती अवश्य बंद करावी, नाहीतर बोगद्यात किंवा डोंगरात नेटवर्क गेले की फोन गुपचूप भारतीय सिमचा डेटा वापरू लागेल. आयमेसेज आणि फेसटाइम चालू असतील तर नवे सिम घातल्यावर आयफोन नोंदणीसाठी आपण होऊन परदेशी एसएमएस पाठवतो आणि त्याचे पैसे कापले जातात, हेही लक्षात असू द्यावे.

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' या भागात जावे. अँड्रॉइड फोनमध्ये तिथे मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग या तिन्हींसाठी फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवण्याचे वेगवेगळे पर्याय आहेत. मोबाइल डेटा आणि रोमिंग या दोन्हींतल्या सगळ्या खुणा काढून टाकाव्यात आणि कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचा पर्याय चालू करावा. फोटो साठवणारे अ‍ॅप फक्त वाय-फायवर चालेल असे करावे, अ‍ॅप अद्ययावत होणे बंद करावे, आणि अँड्रॉइडमध्ये 'डेटा सेव्हर' व आयफोनमध्ये 'लो डेटा मोड' चालू ठेवावा. व्हिडिओ कॉलला साध्या आवाजाच्या कॉलपेक्षा कितीतरी पट डेटा लागतो. नातवंडांना पाहण्याची ओढ मी समजू शकतो, पण व्हिडिओ कॉल हॉटेलच्या वाय-फायवरून करावा आणि रस्त्यात असताना फक्त बोलावे. जायच्या शहरांचे नकाशे घरूनच फोनमध्ये उतरवून ठेवले तर डेटा नसतानाही आपण कुठे आहोत हे नकाशावर दिसते, कारण जागा शोधणारा जीपीएस उपग्रहांकडून संकेत घेतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. न उचललेला कॉल व्हॉइसमेलकडे किंवा मिस्ड कॉल कळवणाऱ्या सेवेकडे वळवलेला असेल, तर रोमिंगमध्ये तो कॉल आधी परदेशात पोहोचतो आणि तिथून पुन्हा भारतात वळवला जातो; फोन हातातही न धरता येण्याचे आणि जाण्याचे असे दुहेरी पैसे पडू शकतात. निघण्यापूर्वी ##००२# डायल करून सर्व कॉल-वळण रद्द करावे.

मुलाबाळांकडे चार-सहा महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांचे गणित मात्र पूर्ण वेगळे आहे. त्यांच्यासाठी रोमिंग पॅकचा विचारच करू नये. पहिले एक-दोन दिवस मुलाच्या फोनच्या हॉटस्पॉटवर काढावेत आणि मग तिथले स्थानिक प्रीपेड सिम घ्यावे किंवा मुलाच्या कुटुंबाच्या प्लॅनमध्ये एक जोडणी वाढवून घ्यावी. अमेरिकेत एटी अँड टी ही कंपनी आपल्या मान्य यादीतल्या फोनवरच सेवा देते, आणि भारतात घेतलेले अनेक फोन त्या यादीत नसतात. म्हणून मुलाने सिम घेण्यापूर्वी आई-वडिलांच्या फोनचा आयएमईआय क्रमांक मागवून कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावा. अनेक देशांत स्थानिक सिमसाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. तो जवळ ठेवावा आणि सिमची नोंद स्वतःच्याच नावावर करून घ्यावी.

या मुक्कामात खरा धोका असतो तो भारतीय नंबर हातचा जाण्याचा. तो नंबर पेन्शनच्या खात्याला, आधारला आणि विम्याच्या कागदांना जोडलेला असतो, आणि तो बंद पडून दुसऱ्या कोणाला मिळाला तर परत मिळवण्यासाठी फार हाल होतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमानुसार ९० दिवस कोणताच वापर झाला नाही तर कंपनी प्रीपेड नंबर बंद करू शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत आणखी ३० दिवसांनी वाढते. या किमान संरक्षणावर विसंबू नये. निघण्यापूर्वी दीर्घ मुदतीचे रिचार्ज करावे, त्याची शेवटची तारीख घरी राहणाऱ्या भावाला किंवा शेजाऱ्याला कॅलेंडरवर लिहून द्यावी आणि त्याच्याकडून वेळेत रिचार्ज करून घ्यावे. सिम काढून कपाटात ठेवण्यापेक्षा ते फोनच्या दुसऱ्या कप्प्यात चालू ठेवावे, कारण यूपीआयची अ‍ॅप सिम बदललेले ओळखतात आणि पुन्हा पडताळणी मागतात. फोनला सिमचा एकच कप्पा असेल आणि ई-सिमही चालत नसेल, तर एखादा जुना फोरजी फोन सोबत नेऊन त्यात फक्त भारतीय सिम ठेवणे हा नव्या फोनपेक्षा स्वस्त उपाय आहे.

घरच्या फोनबुकात बहुतेक नंबर दहा आकडी साठवलेले असतात. परदेशी सिमवरून ते लागत नाहीत, म्हणून सगळ्या महत्त्वाच्या नंबरांपुढे +९१ लावून घ्यावे. सांगली-मिरजेच्या लँडलाइनचा कोड ०२३३ आहे, पण बाहेरून फोन करताना सुरुवातीचे शून्य गाळून +९१ २३३ आणि पुढे नंबर असे फिरवावे. सातारचा ०२१६२ आणि कराडचा ०२१६४ हे कोडही त्याच पद्धतीने वापरावेत. घरी आजीकडे साधा फोन असेल आणि तिला व्हॉट्सअ‍ॅप येत नसेल, तर रोज ठरलेल्या वेळी घरातल्या एखाद्या स्मार्टफोनधारकाने तिच्याजवळ बसावे, हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे. वेळ ठरवताना दुबई आपल्या दीड तास मागे, जपान साडेतीन तास पुढे आणि न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ व हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, हे ध्यानात घ्यावे. "पोहोचलो की मिस्ड कॉल दे" ही आपली जुनी रीत परदेशातूनही पाळता येते, कारण न उचललेल्या कॉलला सहसा पैसे पडत नाहीत; मात्र पलीकडच्यांनी तो उचलायचा नाही, हे आधी बजावून ठेवावे.

काही देशांचे नियम प्रवासापूर्वीच माहीत असावेत. संयुक्त अरब अमिरातींत व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश जातात, पण कॉल लागत नाहीत. तिथे परवानगी असलेले बोटिमसारखे अ‍ॅप घरच्यांच्या फोनवरही आधी घालून ठेवावे. चीनमध्ये स्थानिक सिमवर व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल दोन्ही चालत नाहीत. तिथे मात्र रोमिंगचा डेटा भारतातून फिरून जातो ही गोष्ट आपल्या पथ्यावर पडते, म्हणून चीनला जाणाऱ्याला मी स्थानिक सिमऐवजी रोमिंग पॅकच सुचवतो.

विमानात आणि समुद्रावरच्या क्रूझमध्ये फोन फ्लाइट मोडवरच ठेवावा. तिथले नेटवर्क उपग्रहावरून चालते, त्याचे दर जमिनीवरच्या दरांपेक्षा खूपच जास्त असतात आणि नेहमीच्या देशांच्या पॅकमध्ये ते बहुधा येत नाही. वाटेत दुबई, दोहा, सिंगापूर किंवा फ्रँकफर्टला विमान बदलायचे असेल तर तिथल्या विमानतळांवर मोफत वाय-फाय मिळते. फ्लाइट मोड तसाच ठेवून फक्त वाय-फाय चालू करावे आणि घरी निरोप द्यावा. अशा मोफत वाय-फायवर बँकेचे व्यवहार मात्र करू नयेत.

फोनच हरवला किंवा बंद पडला तर काय, याची सोय कागदावर करावी. एका चिठ्ठीवर मुलाचा किंवा हॉटेलचा नंबर, तिथल्या भारतीय दूतावासाचा नंबर आणि त्या देशाचा आपत्कालीन क्रमांक लिहून ती पासपोर्टमध्ये ठेवावी. युरोपात हा क्रमांक ११२, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ००० आणि जपानमध्ये पोलिसांसाठी ११० व रुग्णवाहिकेसाठी ११९ आहे.

परत आल्यावर मुंबईच्या विमानतळावरच मोबाइल डेटा पुन्हा 'घर' या सिमवर आणावा. परदेशी सिमचे पैसे दरमहा आपोआप कापले जात असतील तर ते थांबवावेत, आणि त्या नंबरावर कुठले खाते उघडले असेल तर नंबर सोडण्यापूर्वी तिथे आपला भारतीय नंबर नोंदवून घ्यावा. पोस्टपेड नंबर असेल तर पुढची दोन बिले बारकाईने पाहावीत, कारण परदेशी कंपन्यांकडून आलेल्या वापराच्या नोंदी कधी कधी उशिरा पोहोचतात आणि पुढच्या महिन्याच्या बिलात येतात.